पाणपक्षी गणनेला गेलो होतो, नांदूर मधमेश्वर (४/५)
जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते ना, १९८७ पासून चालू आहे म्हणे, त्यात यंदा व्हॉलंटियर म्हणून नाव दिलं. जागा नांदूर मधमेश्वर, निफाड तालुका, गोदावरी-कादवा संगमाजवळचं धरण, महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). फी वगैरे काही नाही.

पहाटे चापडगावला पोचलो तर थंडीने हात बधिर, दुर्बीण धरवेना. मला वाटलं होतं एकेक पक्षी मोजायचा, पण तसं नसतं, थव्यातले दहा नीट मोजायचे, तेवढी जागा डोळ्यात बसवायची आणि मग असे किती दहा मावतात ते बघत पुढे सरकायचं, तेवढ्यात एखादा दलदल ससाणा (शिकारी पक्षी) वरून गेला की अख्खा थवा उडतो आणि पहिल्यापासून सुरू 😅 वारकरी पक्षी तर नावाप्रमाणेच, दिंडीच दिंडी! चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी) आणि चक्रवाक बदकं पटकन ओळखू येतात, पण तलवार बदकाची मादी आणि थापट्या बदकाची मादी लांबून सारखीच दिसते, चोचीकडेच बघायचं. ओळख पटली नाही तर सरळ 'अनोळखी बदक' लिहा, ठोकून देऊ नका.

एक स्टार कापला कारण आमच्या ग्रुपला स्कोप (ट्रायपॉडवरची मोठी दुर्बीण) एकच आणि त्यावर फोटोवाल्यांचाच कब्जा. चहा पण नऊनंतर आला. टोपी, पाणी, वही घरून न्या, भडक कपडे नकोत. पुढच्या जानेवारीत परत जाणारे, स्वतःचा ट्रायपॉड घेऊन.