सीबी सेटचे रिसीव्हर मॉड: फिल्टरला पैकीच्या पैकी, प्रीअ‍ॅम्पला भोपळा

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, २७ मेगाहर्ट्झवर बोलायचा रेडिओ सेट; मॉड म्हणजे त्यात केलेला बदल. प्रीअ‍ॅम्प म्हणजे अँटेनाचा सिग्नल रिसीव्हरच्या तोंडाशीच वाढवणारा जोड. आधी एक फुकटची चाचणी. सेटचा आवाज वाढवा, स्क्वेल्च (रिकाम्या चॅनेलची खरखर दाबणारं बटण) पूर्ण उघडा आणि अँटेनाचा प्लग काढा. आता रिकाम्या चॅनेलवर प्लग परत लावा. लावल्याबरोबर खरखर वाढली तर रिसीव्हर पुरेसा संवेदनशील आहे. प्रीअ‍ॅम्पवर पैसे घालवू नका, पुढचं वाचा.

हे परीक्षण साध्या ४० चॅनेलच्या, फक्त एएम असलेल्या गाडीच्या सेटवर होणाऱ्या मॉडचं आहे. आतली रचना कोब्रा २९ सारखी धरली आहे: पहिला आयएफ (आलेला सिग्नल आत ज्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर उतरवतात ती) १०.६९५ मेगाहर्ट्झ, दुसरा ४५५ किलोहर्ट्झ. एसएसबीच्या (सिग्नलची एकच बाजू पाठवणाऱ्या) सेटना यातलं बरंच लागू पडत नाही.

प्रीअ‍ॅम्प किंवा पुढचा ट्रान्झिस्टर बदलण्याचं मॉड सगळ्यात जास्त खपतं आणि सगळ्यात कमी कामाचं असतं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या सूत्रांनी २७ मेगाहर्ट्झला बाहेरच्या गोंगाटाचा हिशेब मांडला तर शहरी वस्तीत सुमारे ३३ डेसिबल येतो, खेड्यात २७.५. माणसाची वस्तीच नसली तरी आकाशगंगेचा १९ राहतोच. धडधाकट सीबी रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट १० च्या आसपास. म्हणजे बेळगावात टिळकवाडीतच काय, येळ्ळूरच्या राजहंसगडावर जाऊन बसलात तरी सेटपेक्षा बाहेरचाच गोंगाट मोठा. प्रीअ‍ॅम्प सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच वाढवतो. सिग्नलचं बळ दाखवणाऱ्या एस-मीटरचा काटा उजवीकडे झुकतो, गिऱ्हाईक खूश होतं, पण समजत नव्हता तो शब्द तसाच राहतो. वर जवळचा सेट बोलायला लागला की मिक्सर (फ्रिक्वेन्सी बदलणारा भाग) गुदमरतो. इमेजचा, म्हणजे मिक्सरमधून त्याच आयएफवर येऊन पडणाऱ्या नको त्या फ्रिक्वेन्सीचा, त्रास वेगळाच. १९ नंबरच्या चॅनेलला लोकल ऑसिलेटर (मिक्सरला फ्रिक्वेन्सी पुरवणारा भाग) १६.४९० वर असेल तर इमेज पडते ५.७९५ मेगाहर्ट्झवर. ती अडवायचं काम पुढच्या कॉइलचं. रुंद पट्ट्याचा प्रीअ‍ॅम्प अशा नको त्या सिग्नललाही बळ देतो.

आता खरं कामाचं मॉड: ४५५ किलोहर्ट्झचा सिरॅमिक फिल्टर बदलणं. चॅनेलमधलं अंतर १० किलोहर्ट्झ. स्वस्त सेटमधला फिल्टर उतरणीला इतका सैल असतो की शेजारच्या चॅनेलवरचा माणूस आपल्या चॅनेलमध्ये येऊन बसतो. मुराता या जपानी कंपनीच्या पद्धतीत शेवटचं अक्षर रुंदी सांगतं: एफ म्हणजे ±६, जी म्हणजे ±४.५, एच म्हणजे ±३ किलोहर्ट्झ. सीएफयू मालिकेपेक्षा सीएफडब्ल्यूची उतरण जास्त खडी, म्हणून घ्यायचा तर सीएफडब्ल्यू.

सगळे एच बसवा म्हणतात. आमचं मत जी. एएमला एच लावला की तीन किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं आणि ‘स’, ‘श’ बोथट होतात. मराठी असो की कन्नड, गावाचं नाव दोनदा विचारावं लागतं. दुसरी अडचण फ्रिक्वेन्सीची. समोरचा सेट ०.००५ टक्के सरकलेला असला तरी २७ मेगाहर्ट्झला ते १.३५ किलोहर्ट्झ होतात. त्यात फिल्टरचं स्वतःचं केंद्र एखादा किलोहर्ट्झ इकडेतिकडे असलं की आवाजाची एक बाजू कापली जाते, बोलणं फाटकं येतं. स्किप उघडून (वरच्या वातावरणावरून परतून दूरदूरचे सिग्नल येऊन) बँड खच्चून भरला असेल तेव्हा एच बरा, एरवी जी.

बसवताना: २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डर वात, घाई नाही. पायांची मांडणी मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून ग्राउंडचे पाय मल्टिमीटरने शोधूनच जुना काढा. दोन्ही बाजूंना दीड ते दोन किलोओमच्या इम्पिडन्सचा (रोधाचा) मेळ हवा. तो नसेल तर पट्ट्यात चढउतार होतात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. फिल्टरवर डीसी येत असेल तर ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये घाला. जास्त पायऱ्यांचा फिल्टर सिग्नल थोडा जास्त खातो, म्हणून शेवटी ४५५ च्या आयएफ डब्या (जुळवता येणाऱ्या कॉइलच्या धातूच्या छोट्या डब्या) पुन्हा जुळवाव्याच लागतात. इथेच बहुतेक मॉड फसतात: फिल्टर बदलला, डब्या तशाच, मग ‘नव्या फिल्टरने रेंज गेली’ अशी ओरड. डब्यातला गाभा फेराइटचा असतो. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर लावला की तडकतो, प्लास्टिकचाच वापरा. खिशातल्या रेडिओतून उपटलेला तीन पायांचा फिल्टर इथे चालत नाही, तो फार रुंद असतो.

जुळवणी करताना आपल्याकडची एक गोष्ट ध्यानात ठेवा. भारतात परवान्याविना मोकळा पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, ५ वॅटपर्यंत. त्यात १ ते २७ नंबरचीच चॅनेल बसतात. २८ नंबर २७.२८५ वर, म्हणजे कुंपणाबाहेर. परदेशी सेटच्या पुस्तिकेत पुढची कॉइल १९ नंबरला शिगेला आणा असं असतं. आपला मध्य २७.१२०, तेव्हा १३ किंवा १४ नंबरला जुळवा. सिग्नल जनरेटर नसेल तर दुसरा सेट डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या रेझिस्टरवर) लावून लांबच्या खोलीत ठेवा. १०० ओमचे ५ वॅटचे दोन मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडले की झाला डमी लोड. वायरवाउंड नकोत, त्यांत इंडक्टन्स असतो.

डिटेक्टर डायोडचं, म्हणजे सिग्नलमधून आवाज काढणाऱ्या डायोडचं, मॉड थोडक्यात: मुळात १एन६० जर्मेनियम असेल तर हात लावू नका. बाजारात त्या नावाने शॉट्की मिळतात, कामही करतात, पण फरक कानाला जाणवत नाही.

नॉइज ब्लँकर, म्हणजे खटक्यापुरता सिग्नल बंद करणारा भाग, मात्र जपून. तो अरुंद फिल्टरच्या आधी हवा, कारण फिल्टरमधून गेलेला टोकदार खटका पसरट होतो आणि मग तो कापता येत नाही. गाडीच्या प्लगची टकटक त्याने जाते. उद्यमबागेत कारखान्यांच्या व्हीएफडीची (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रांची) अखंड गुरगुर त्याने जात नाही. पुरवठ्याच्या वायरीतून ती शिरत असेल तर त्यावर ३१ नंबर मटेरियलच्या फेराइटवर पाच-सात वेढे हा स्वस्त उपाय. चोर्ला घाटाच्या वळणावर डोंगर आडवा आला की यातलं काहीच उपयोगाचं नाही, तिथे उंचीच लागते.

मेकॅनिककडे सेट दिलात तर जुना फिल्टर पिशवीत घालून परत मागा. हाताशी असला की नवा पटला नाही तर जुना परत बसवता येतो.