मायची गाणी आणि साडेचार सेकंद

माझं माहेर पारोळा तालुक्यात. 2008 च्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आम्ही तिघी बहिणी माहेरी होतो. निंबाला झोका बांधला होता, माय नि शेजारच्या दोघी-तिघी गौराईची गाणी म्हणत होत्या, आणि भावाने नवाच हँडीकॅम आणला होता. त्याने तासाभराची एक मिनी डीव्ही टेप (कॅमेऱ्यातली छोटी कॅसेट) भरून टाकली. माय गेल्यावर ती टेप आठवली, पण तोवर हँडीकॅम भंगारात गेला होता. म्हणून जळगावला एका दुकानात ती टेप पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. पाचशे रुपये.

घरी येऊन लावली तर माय गातेय, पण ओठ आणि आवाज जुळत नाहीत. सुरुवातीला थोडंच, अर्ध्या सेकंदाइतकं. शेवटाकडे मात्र मायचे ओठ मिटलेले आणि आवाज चालूच. बघवेना.

दुकानात परत गेले. मालक तिशीचा, अहिराणीत बोलणारा, ताई-ताई करणारा. आपल्याकडचाच पोरगा, असं मनात आलं, तिथेच मी निम्मी फसले. तो म्हणाला, "टेप जुनी झाली ताई, आवाज ढिला पडला. सिंक करावं लागेल, म्हणजे ओठ नि आवाज जुळवावे लागतील, दीड हजार." चार दिवसांनी गेले तेव्हा त्याने माझ्यासमोर फाइल लावून दाखवली. पहिली दोन-तीन मिनिटं अगदी बरोबर. मी पैसे दिले, चहाही प्याले. घरी शेवट लावून पाहिला तर आवाज चार सेकंद मागेच.

आता कळतं, त्याने काय केलं होतं. अख्खा आवाज अर्धा सेकंद पुढे सरकवला, बस. आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच मागे असेल तर तेवढ्याने काम होतं. पण चूक वाढत जाणारी असेल तर फक्त सुरुवात जुळते. आणि दुकानदार दाखवतो ती सुरुवातच.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा तो गंभीर झाला. म्हणे डेटा बिघडलाय, एकेक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र, बसवावी लागेल, मिनिटाला शंभर. अठ्ठावन्न मिनिटांचे 5800 रुपये, तेही आधी. दिले मी. नवऱ्याला अर्धीच रक्कम सांगितली, हेही इथे कबूल करते.

या वेळी मी शहाणपणा करून मधलं आणि शेवटचंही पाहिलं. गाणी जुळत होती! आनंदात पेनड्राइव्ह घेऊन आले आणि रात्री निवांत बघायला बसले. काहीतरी चुकतंय असं सारखं वाटत होतं. वेळ बघितली तर फाइल एक्कावन्न मिनिटांची. सात मिनिटं गेली कुठे? पठ्ठ्याने प्रत्येक गाणं सुरुवातीला जुळवून घेतलं होतं आणि दोन गाण्यांमधला भाग कापून फेकला होता. त्या मधल्या भागात माय आमच्यावर ओरडत होती, पाणी मागत होती, "झोका हयू दे वं, पोर पडी जाई" (झोका हळू दे गं, पोर पडेल) म्हणत होती. गाणी काय, गल्लीतली कुठलीही बाई म्हणेल. ते ओरडणं कोण आणून देणार?

फोन केला तर म्हणाला, जुनी फाइल गोंधळ नको म्हणून उडवली, आणि टेप मशीनमध्ये अडकून मुरगळली.

नशीब, पहिल्या दिवशीच ती फाइल मी नाशिकला भावाला दिली होती. भाचा कॉम्प्युटर शिकतो. त्याने आधी व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये फाइल लावली आणि 'जे' दाबत गेला. एका दाबात आवाज पन्नास मिलिसेकंद अलीकडे येतो, 'के' दाबलं की पलीकडे जातो. सुरुवातीला दहा दाबांत जुळलं, मध्यावर पन्नास, शेवटी नव्वद. म्हणजे चूक एकसारखी वाढणारी. (व्हीएलसीतला हा बदल बघण्यापुरताच, फाइलमध्ये उतरत नाही.) मग फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोत पाहिलं, तर चित्र आवाजापेक्षा चार सेकंदांनी आखूड.

"आत्या, टेपचा काही दोष नाही," तो म्हणाला. या टेपवर आवाज आणि चित्र डिजिटलच असतं, दोन्ही बरोबरच लिहिलेलं. टेप खराब झाली तर चित्रात चौकोन पडतात, आवाज तुटतो. तो असा हळूहळू मागे पडत जात नाही. ही टेप फायरवायरच्या केबलने उतरवायची असते, म्हणजे टेपवरचं डिजिटल जसंच्या तसं कॉम्प्युटरवर येतं. या दुकानदारानं टीव्हीच्या वायरीने स्वस्तातल्या यूएसबी कार्डातून उतरवली असणार, आणि कॉम्प्युटरला झेपेना म्हणून मधल्या फ्रेम गळल्या. सेकंदाला पंचवीस फ्रेम, एक फ्रेम चाळीस मिलिसेकंदांची. तासाभरात शंभर गळल्या की झाले चार सेकंद. म्हणजे चूक त्याच्याच दुकानातली, आणि ती दुरुस्त करायचे 7300 रुपये मी त्यालाच दिले.

भाच्याने आवाज वेगळा काढला, आवाज एडिट करायच्या ऑडॅसिटीत त्याचा वेग 0.115 टक्के वाढवला (सूर तोच राहतो), सुरुवातीचा अर्धा सेकंद सरकवला आणि चित्राला हात न लावता एमकेव्हीटूलनिक्स या जोडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरने परत जोडला. अर्धा तास. सगळं सॉफ्टवेअर फुकट.

कानबाईच्या सणाचे, लग्नाचे मोबाइलवरचे व्हिडिओ एडिट केल्यावर आवाज मागेपुढे होतो, त्याचं कारण वेगळं असतं. अंधारात मोबाइल सेकंदाला कमी फ्रेम घेतो, उजेडात जास्त, आणि कित्येक एडिटिंग सॉफ्टवेअर सगळ्या सारख्याच धरून चालतात. अशी फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) कायम ठेवायचा पर्याय निवडायचा. तेवढ्यासाठी कुणी मिनिटाचा भाव सांगितला तर उठून या. आणि टेप दुकानात ठेवून येऊ नका. समोर बसून उतरवून घ्या, नाहीतर निदान चिठ्ठीवर सही घ्या. माझ्याकडे पक्कं बिल नव्हतं, यूपीआयची नोंद तेवढी आहे. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर नंतर कळला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, हेही नंतरच.

पैसे परत मागायला फोन केला तेव्हा तो हसला. "ताई, तुमच्या घरीच जमलं ना काम? मग पैसे कशाचे मागता?" मुरगळलेली का असेना, टेप तरी दे म्हटलं. तीन महिने झाले, अजून उद्याच देतोय.