पाणपक्ष्यांच्या बाणांसाठी दगडी टोके घडवण्याचा संच : आठ महिन्यांच्या वापरानंतर

ऑरेगनमधील ग्लास ब्युट्सचा ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काळी काच, हाती आल्यावर मी हा संच मागवला. त्यात काचेवर दाबून कपच्या काढण्यासाठी तांब्याचे टोक बसवलेला दांडा, एल्क या मोठ्या हरणाच्या शिंगाचा तुकडा, घासण्यासाठी वालुकाश्म, तळहातावर धरायचे कातडे आणि टोक बाणाला बांधण्यासाठी जनावराच्या तातीची, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट धाग्यांची, गुंडाळी होती.

दांडा उत्तम आहे. तांबे मऊ असल्यामुळे ते काचेच्या कडेत रुतते, निसटत नाही; मात्र दोन दुपारीच ते बोथट होते आणि कानशीने पुन्हा टोकदार करावे लागते. प्रत्येक वेळी कपच्या काढण्यापूर्वी कड वालुकाश्मावर घासून बोथट करणे अत्यावश्यक आहे, नाहीतर ती दाबाखाली नुसतीच चुरते. हे उमगायला मला महिना लागला. कातडे मात्र फारच पातळ निघाले. तिसऱ्याच दिवशी कपची त्यातून आरपार जाऊन तळहातात घुसली.

संग्राहक दोन-अडीच सेंटिमीटरच्या इवल्या टोकांना ‘पक्ष्यांची टोके’ म्हणतात, आणि संचाच्या पुस्तिकेतही तेच लिहिले आहे. प्रत्यक्षात अशी टोके हरणांसाठीही वापरली जात, तर पक्ष्यांसाठी अनेक ठिकाणी लाकडाची बोथट टोके असत, जी पक्ष्याला बधिर करत आणि दगडासारखी फुटत नसत. पुस्तिकेत याचा उल्लेख हवा होता.

माझी खरी तक्रार बांधणीबद्दल आहे. तात ओली करून गुंडाळली की वाळताना घट्ट आवळते, हे खरे. पण पाणपक्ष्यांमागे सोडलेला बाण पाण्यातच पडणार. मी एक बाण रात्रभर बादलीत ठेवला, तर सकाळी तात शिजलेल्या शेवईसारखी मऊ झाली होती आणि टोक बोटाने हलत होते. पाइनच्या राळेत कोळशाची पूड आणि थोडे मेण मिसळून, मंद आचेवर वितळवून, तातीवर लेप दिल्यावर तोच बाण सलग तीन रात्री पाण्यात राहिला आणि जोड हलला नाही. मेण कमी पडले की थंडीत लेपाला तडे जातात.

मी शिकार करत नाही, बाण सरावाच्या लक्ष्यावरच सोडतो. तरीही हा संच मी पुन्हा घेईन. काम उघड्यावर, चष्मा आणि मुखपट्टी लावूनच करावे, आणि जाड कातडे व राळ आधीच आणून ठेवावी.