काबुकी: प्रशिक्षण की दत्तक?

काबुकी म्हणजे जपानचं पारंपरिक नाट्य; त्यात नटांची घराणी असतात. घराण्यात जन्म नाही, तरी काबुकी नट व्हायचंय. मग टोकियोच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचं प्रशिक्षण घ्यावं, की गुरूघरी दत्तक जावं?

पैशांचं सोपं आहे: १९७० पासून चालणाऱ्या या प्रशिक्षणाला फी नाही. वयाचं मात्र अवघड. तिथं माध्यमिक शाळेनंतरच प्रवेश. उलट घराण्यात जन्मलेला नट, आजचा तेरावा दांजुरो (हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं नाव), १९८३ मध्ये, पाचव्या वर्षीच रंगमंचावर उतरला होता!

खरी मेख भूमिकांत. प्रशिक्षितांच्या वाट्याला बहुधा दुय्यम कामं येतात. मोठ्या भूमिका घराण्याच्या नावामागे जातात. घराण्याबाहेरून आलेला नट तामासाबुरो दत्तक गेला, नाव मिळालं आणि स्त्रीभूमिकांत शिखरावर पोचला. २०१२ मध्ये तो ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ (जपानमधला कलावंतांचा मोठा सन्मान) ठरला. अर्थात, दत्तक घेणं गुरूच्या मर्जीवर.

विशीच्या उंबरठ्यावर असाल तर प्रशिक्षणच. नायक व्हायचं असेल तर लहानपणीच गुरू गाठायला हवा.