पूक्को, लेउकू की याकूत चाकू?

उत्तर ध्रुवाकडच्या थंड प्रदेशांतल्या लोकांचा पारंपरिक चाकू घ्यायचा असेल, तर पात्याच्या चकाकीला भुलू नका, आधी मूठ बघा. उणे 30 अंशांत उघडा धातू हाताला चटका देतो. म्हणून तिकडे मूठ लाकडाची, सालीची किंवा शिंगाची करतात आणि पात्याचा दांडा तिच्या पोटात दडवतात.

पहिलाच चाकू घेणार असाल तर फिनलंडचा पूक्को घ्या. पातं जेमतेम तळहाताच्या रुंदीएवढं, पाठ बहुधा सरळ. धारेचा उतार इतका रुंद असतो की तो दगडावर आपोआप सपाट बसतो, त्यामुळे नवख्यालाही धार लावता येते. मूठ रेषाळ बर्चची सुंदर दिसते, पण मी सालीची घेईन. बर्चच्या (आपल्या भूर्जपत्राच्या कुळातलंच हे झाड) सालीचे चौकोनी तुकडे दांड्यावर ओवून घट्ट दाबलेले असतात. हात ओला असला तरी ती मूठ निसटत नाही.

उत्तर स्कँडिनेव्हियातल्या सामी लोकांचा लेउकू म्हणजे जवळजवळ छोटी कुऱ्हाड. पातं 20 सेंटिमीटरच्या आसपास. फांद्या तोडायला, सरपण फोडायला उत्तम, बारीक कामाला अवजड. सामी लोकही सोबत लहान चाकू बाळगत, तेव्हा हा दुसरा चाकू म्हणूनच घ्या. म्यानावर रेनडिअरच्या शिंगाचं कोरीव काम असतं. पर्यटकांसाठीच्या नकला बऱ्याच मिळतात, म्हणून ‘सामी दुओजी’ हे अस्सल सामी हस्तकलेचं चिन्ह पाहूनच पैसे मोजा.

मला सर्वांत भावतो तो सायबेरियातल्या साखा ऊर्फ याकूत लोकांचा याकूत चाकू. त्याच्या पात्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. उजवी सपाट, तिच्यात लांब खोलगट पन्हळ, डावी फुगीर. धार फक्त फुगीर बाजूने लावायची, सपाट बाजूची नुसती कणी (धार लावताना पलीकडे वळलेली धातूची बारीक कड) काढायची. लाकडाचे छिलके सरसर निघतात, गोठलेल्या माशाचे पातळ काप पडतात. मूठ बर्चच्या गाठीची, तेल मुरवलेली, कापली तर अंड्याच्या आकाराची दिसेल अशी. डावखुरे असाल तर मागवतानाच सांगा, पातं उलटं घडवावं लागतं.

फक्त स्वयंपाकघरासाठी हवा असेल तर उत्तर अमेरिकेच्या आर्क्टिक भागातल्या इन्युइट बायकांचा अर्धचंद्राकृती उलू पाहा. वॉलरस या समुद्री प्राण्याच्या सुळ्याची मूठ मात्र नको, देशाबाहेर नेताना परवान्यांची कटकट होते.

यांतली बरीच पाती कार्बन पोलादाची असतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती गंजतात, तेव्हा वापरून झाल्यावर पुसा, तेलाचा हात फिरवा आणि चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका.