ब्राचा नंबर घरी काढताना: ‘अधिक चार’ की थेट माप?

ब्राचा नंबर ठरवायच्या आपल्याकडे खरं तर तीन रीती आहेत, पण पहिली पटकन उरकते. ‘ताई, ब्लाऊज कितीचा लागतो?’ असं विचारायचं आणि काउंटरवरून डबा पुढे सरकवायचा, ही ती रीत. ब्लाऊजचा ३६ म्हणजे भरल्या छातीचा घेर, आणि ब्राचा ३६ म्हणजे छातीखालून जाणाऱ्या पट्टीचा नंबर. शरीरावरच्या दोन वेगळ्या जागा आहेत या. तुळशीबागेत किंवा दादरला नुसत्या नजरेने नंबर सांगणाऱ्या विक्रेत्या असतात आणि त्यांचा अंदाज कधीकधी थक्क करतो. पण त्या बघतात ते ओढणीवरून. तेव्हा टेप घेऊन घरीच आरशासमोर उभं राहायचं तुम्ही ठरवलंय, असं धरून चालते.

मग उरतो प्रश्न गणिताचा. टेप एकच, मापं दोनच: छातीच्या लगेच खाली बरगड्यांवरून एक, आणि छातीच्या सगळ्यात भरलेल्या जागेवरून दुसरं. समजा खालचं आलं ३० इंच आणि वरचं ३६.

जुनी रीत सांगते, ३० मध्ये ४ मिळवा (आकडा विषम असेल तर ५). पट्टी झाली ३४. छत्तिसातून चौतीस गेले, उरले दोन. एक इंच म्हणजे ए, दोन म्हणजे बी. तुम्ही ३४ बी.

थेट मापाची रीत सांगते, ३० म्हणजे ३०, त्यात काही मिळवू नका. छत्तिसातून तीस गेले, उरले सहा. तीनला सी, चारला डी, पाचला डीडी, सहाला ई. तुम्ही ३० ई.

इथे बहुतेकींचा विश्वास उडतो. ‘ई? मी?’ आपल्या डोक्यात डी म्हणजेच फार मोठं, त्यापुढचं तर सिनेमातलं. पण अक्षर एकटं काहीच सांगत नाही, ते पट्टीच्या नंबरासोबतच वाचायचं असतं. ३४ बी, ३२ सी आणि ३० डी या तिन्हींच्या कपात साधारण सारखंच मावतं. पट्टी दोनने उतरली की अक्षर एकाने चढतं. त्यामुळे बारीक अंगाची, अजिबात ‘भरलेली’ न दिसणारी मुलगी ३० डी असू शकते. हे एकदा समजलं की त्या अक्षराची भीती जाते. तशी ती माझी गेली, पण हळूहळू.

जुन्या रीतीची बाजू आधी मांडते, कारण ती अगदीच टाकाऊ नाही. ती रूढ झाली तेव्हाच्या ब्रांची पट्टी फारशी ताणली जात नसे. लायक्राचा शोधच १९५८ सालचा, आणि आपल्या कपाटात तो पोचायला आणखी बराच काळ गेला. न ताणणारं कापड बरगड्यांवर घट्ट बसवलं तर श्वास कुठून घ्यायचा? म्हणून चार इंचांची सूट. दुसरं म्हणजे, आपल्याकडच्या बऱ्याच डब्यांवर जो तक्ता छापलेला असतो, तोही तिच्याच बाजूने बोलतो. युरोपीय मापांत ७५ नंबरची पट्टी ७३ ते ७७ सेंटिमीटर घेरासाठी असते आणि तिलाच इंचांत ३४ म्हणतात. दोन घेरांतला फरक १४ ते १६ सेंटिमीटर असेल तर बी. आपल्या उदाहरणातले ३० आणि ३६ इंच म्हणजे साधारण ७६ आणि ९१ सेंटिमीटर. तक्त्यावर बोट फिरवलंत तर उत्तर तेच, ३४ बी. शिवाय ३४ बी कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते, हवा तो रंग मिळतो, किंमत आवाक्यात असते. ३० ई मागून बघा. दुकानदार आधी ऐकू न आल्यासारखं करतो, मग ‘३६ बी देऊ का?’ विचारतो. ३० नंबरची पट्टी आपल्या बाजारात बहुतेक शाळकरी मुलींसाठी ठेवलेली असते, ती ए आणि बी कपात.

मग मी तरीही थेट मापाकडे का वळले? पाठीवर चढणाऱ्या पट्टीमुळे.

मी शिकवते. दिवसभर हात वर असतो, फळ्यावर. हात वर गेला की मागची पट्टी बोटभर वर सरकायची आणि हात खाली आला तरी तिथेच राहायची. मग वर्गाकडे पाठ असतानाच हळूच पदराखाली हात नेऊन ती खाली ओढायची. साडीत हे खपतं तरी. कुडत्यात पहिल्या बाकावरच्या मुलींना सगळं दिसतं. हा उपद्व्याप तासाला कितीदा चालायचा ते सांगत नाही. मजा अशी की या दुखण्यावरचा सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय नेमका उलटा आहे. पट्टी सैल असते म्हणून वर चढते. मागून वर गेली की पुढून कप खाली झुकतात. कप झुकले की आपण खांद्याचे पट्टे आवळतो. आवळलेले पट्टे मागची पट्टी आणखी वर खेचतात, आणि संध्याकाळी खांद्यांवर दोन लाल वळ. छातीचा भार पेलायचं काम मुळात बरगड्यांवरच्या पट्टीचं; ती सैल पडली की सगळं ओझं खांद्यांवर येतं. पट्टे आवळून, मऊ पट्ट्यांच्या ब्रा घेऊन, पट्ट्यांखाली गाद्या लावून मी सगळं करून पाहिलं. पट्टी उतरवली, कप चढवला आणि हात पाठीकडे जायचा थांबला. मोजमाप म्हणून याला फारशी किंमत नाही हे कबूल, पण मला तेवढं पुरलं.

तक्ता आणि माझा अनुभव जुळत कसे नाहीत, हा प्रश्न मलाही पडला होता. मला लागलेलं उत्तर असं की तक्ता छापताना जी पट्टी मनात धरलेली असते, ती नवी, न ताणलेली असते. हल्लीच्या पट्ट्या चांगल्याच ताणतात आणि धुण्याधुण्यांत आणखी सैल होतात. मोठ्या घेराच्या बायकांचं तर जुन्या गणितात अगदीच हसं होतं. खालचं माप ३८, वरचं ४२ असेल तर ‘अधिक चार’ने पट्टी ४२ येते आणि फरक शून्य, म्हणजे ए-सुद्धा नाही. चांगली भरली बाई, आणि कागदावर छातीच नाही! थेट मापाने तीच ३८ डी ठरते, आणि आरशात तेच दिसतं. या एका उदाहरणावरच निकाल द्यायला हरकत नव्हती, पण मला माझी पाठ जास्त पटली.

थेट मापात एक धोका मात्र आहे: त्यात चार इंचांची उशी नाही, त्यामुळे माप हलगर्जीपणे घेतलं तर नंबर लगेच घसरतो. जुन्या गणितात अर्धा इंच इकडे तिकडे झाला तर फारसं बिघडत नाही. म्हणून टेप आधी स्टीलच्या पट्टीवर ठेवून तपासा. शिवणाच्या डब्यातली वर्षानुवर्षांची टेप ताणून लांब झालेली असते. खालचं माप श्वास पूर्ण सोडून, टेप घट्ट धरून घ्या, आणि ती पाठीमागे खाली लोंबत नाही ना ते आरशात वळून बघा. कोणी धरायला असेल तर उत्तम. वरचं माप उभ्याने घ्या, मग कमरेत वाकून, ओणवं होऊन पुन्हा घ्या. ओणव्याने बहुतेक आकडा वाढतो, विशेषतः बाळंतपणानंतर. दोन्हींच्या मधला आकडा धरा. टेप इथे नुसती टेकलेली हवी, रुतलेली नको. पाळीच्या आधीच्या आठवड्यात मोजू नका. तेव्हा छाती जड असते आणि आकडा फुगतो. पाळी संपल्यावरचा आठवडा बरा. दोन बाजू सारख्या नसतात, बहुतेकींच्या नसतातच. मोठ्या बाजूला बसेल असा कप घ्या.

आता ‘अधिक चार’ कोणाला सोयीची, तेही सांगते. ज्यांच्या बरगड्या हाताला लागतात, अंगावर मांसच नाही, त्यांना थेट मापाची पट्टी टोचू शकते. मऊ अंगाच्या बाईला ती दबून सामावते, हाडांना सामावत नाही. त्यांनी चार नाही, पण एक-दोन इंच वाढवले तर मी अडवणार नाही. मे महिन्यात रत्नागिरीला राहणारी माझी मावसबहीण म्हणते, ‘तुझी ती घट्ट पट्टी घामोळ्यांना आमंत्रण आहे,’ आणि तिचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. ए-बी कपातल्या लहानखुऱ्या मुलींनाही दोन्ही रीतींत फार फरक जाणवणार नाही. भारच कमी, त्यामुळे सैल पट्टीही निभावून नेते.

आणि बाजाराचं काय करायचं? ३० ई मिळत नाही म्हणून रडत बसायची गरज नाही. अक्षर-नंबराची तीच शिडी उलटी चढायची: ३० ईच्या जागी ३२ डीडी, नाहीतर ३४ डी. ३४ डी शोधली तर मिळते, आणि ३४ बीपेक्षा कप दोन अक्षरांनी मोठा असल्यामुळे कडेने मांस बाहेर येणं थांबतं. पट्टी तुमच्यासाठी थोडी सैलच राहील, म्हणून ती आतल्या हुकावर लावावी लागेल. म्हणजेच ती लवकर निकामी होईल. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर बसायला हवी. आतले हुक कापड ताणलं जाईल तेव्हासाठी राखून ठेवलेले असतात. ३२ डीडी मिळाली तर जास्तीचे पैसे मोजून तीच घ्या. परदेशातून कोणी आणणार असेल तर कोणत्या देशातून ते विचारा. डीडीच्या पुढचं अक्षर ब्रिटनमध्ये ई, अमेरिकेत डीडीडी. माझ्या नणंदेने अमेरिकेतून आणलेली मी आधी चुकीचीच समजून बाजूला ठेवली होती.

बहुतेक दुकानांत घालून बघू देत नाहीत, म्हणून पहिल्यांदा एकच घ्या, आणि लेबल न काढता घरी हे करा: ब्रा उलटी घाला, कप पाठीवर आणि हुक पुढे. कपांत काही नसताना नुसती पट्टी बरगड्यांवर कशी बसते ते कळतं. दोन बोटं आत जावीत, मूठ जाऊ नये. मग सरळ घालून पुढे वाका, बाजूचं मांस हाताने कपात आणा, उभ्या राहा आणि केस बांधायला वर नेता तसे दोन्ही हात वर न्या. पट्टी जागेवर राहिली तर लेबल काढा. वर गेली तर डबा बंद करून पावतीसकट दुसऱ्याच दिवशी दुकानात जा. उशीर केला तर बदलून द्यायला कुरकुर करतात.