जीवामृत : एका हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

अमरावती जिल्ह्यातील आमच्या काळ्या, भारी जमिनीत पेरणीपासून तुरीच्या काढणीपर्यंत कपाशी आणि तूर या दोन्ही पिकांना दरमहा एकरी २०० लिटर जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेले जिवाणूंचे द्रावण, दिले. प्रमाण नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांनी सांगितलेलेच ठेवले : २०० लिटर पाण्यात देशी गाईचे १० किलो ताजे शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि जिथे कधी फवारा पोहोचला नाही अशा बांधावरची मूठभर माती. पिंप सावलीत, गोणपाटाने झाकून ठेवावे आणि सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळावे. साधारण ४८ तासांत वर फेस येतो व आंबूस वास सुटतो. ढवळण्यात खंड पडला, तर मात्र कुजका वास येऊ लागतो.

खत म्हणून याकडे पाहणाऱ्याची निराशा होईल. पिंपातील साऱ्या घटकांचे नत्र एकत्र धरले तरी ते ढोबळमानाने पाव किलोच्या आसपास भरते, तर युरियाच्या ४५ किलोंच्या एका गोणीत ते २० किलोंहून अधिक असते. जीवामृत हे विरजण आहे आणि त्याला लागणारे दूध म्हणजे जमिनीवरचा काडीकचरा. जिथे सोयाबीनच्या कुटाराचे (मळणीनंतरच्या भुशाचे) आच्छादन होते, तिथे ते बाजूला सारल्यावर ओलसर मातीत बुरशीचे पांढरे तंतू आणि गांडुळांची विष्ठा स्पष्ट दिसत होती. उघड्या सऱ्यांत, जीवामृत तेवढेच देऊनही, यातले काही आढळले नाही. पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचे, आच्छादन मी मुद्दाम टाळले, कारण तिच्यातील किडक्या बोंडांतून गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात येते.

तूर समाधानकारक आली. तिच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्वतःच मिळवतात. कपाशी मात्र पाते-फुलांच्या वेळी पिवळसर पडली आणि उतारा घटला. बोंडअळीवर जीवामृताचा काहीही उपयोग नाही. त्यासाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढून घेणारे) लावावेच लागतात.

ठिबकमधून द्यायचे असल्यास सुती कापडातून दोनदा गाळावे आणि नंतर स्वच्छ पाणी सोडावे, अन्यथा ड्रिपर गाळाने बंद होतात. येत्या हंगामात कपाशीच्या पट्ट्यात चांगले कुजलेले शेणखत आधी टाकून मगच जीवामृत सोडणार आहे. तुरीत आहे तीच पद्धत चालू राहील.